दिसते ती शेपटी : प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिनांचा शोध

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण एक प्रयोग नेहमी करून दाखवतो. बटाट्याच्या कापावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकला, की निळा-काळा रंग येतो. पण या रंगावरून आयोडीनने नेमके काय ओळखले? भाताच्या पेजेत थेंब टाकला तरी तोच रंग येतो, मैद्याच्या खळीतही येतो. म्हणजे आयोडीनला बटाटा ठाऊक नाही, फक्त स्टार्च ठाऊक आहे. समोर बटाटा आहे हे आपल्याला वेगळ्या वाटेने कळलेले असते.

हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो. पण जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत रोज वापरल्या जाणाऱ्या एका तंत्राचे सगळे यशापयश याच फरकावर अवलंबून असते. प्रथिनाला एक छोटी शेपटी जोडायची आणि ती शेपटी ओळखणाऱ्या, लेबल लावलेल्या प्रतिपिंडाने ते प्रथिन शोधायचे, असे हे तंत्र आहे. ते कसे चालते आणि त्याच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हे या लेखात पाहू.

हजारोंतून एक

यीस्टच्या एका पेशीत सुमारे ६,००० जनुके असतात. माणसात प्रथिने तयार करणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. म्हणजे कोणतीही पेशी फोडून तिचा रस काढला, तर त्यात एकाच वेळी हजारो प्रकारची प्रथिने मिसळलेली असतात. त्यांतली बहुतेक रंगहीन असतात. साध्या सूक्ष्मदर्शकातून एकेकटे प्रथिन दिसत नाही. रासायनिकदृष्ट्याही ती सगळी एकाच घराण्यातली, म्हणजे त्याच वीस अमिनो आम्लांच्या साखळ्या. त्यामुळे सगळी प्रथिने रंगवणारे रंग मिळतात, पण हजारांतले एकच रंगवणारा रंग साध्या रसायनशास्त्रात मिळत नाही. त्यासाठी निवडक ओळख असलेला रेणू हवा. असा रेणू निसर्गानेच बनवून ठेवला आहे, तो म्हणजे प्रतिपिंड.

प्रतिपिंडांची ओळखशक्ती

१८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले, की धनुर्वाताच्या विषाची सवय करवलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याचे त्या विषापासून रक्षण करतो. या द्रवात जे काही होते, त्यालाच पुढे प्रतिपिंड म्हणू लागले. प्रतिपिंड हेही प्रथिनच असते. त्याचा आकार इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा असतो. दोन जड आणि दोन हलक्या अशा चार साखळ्यांनी तो बनतो. 'वाय'च्या दोन हातांच्या टोकांना खाच असते. त्या खाचेत जो रेणू, किंवा रेणूचा जो भाग, नेमका बसतो, त्याला प्रतिपिंड घट्ट धरून ठेवते. ही रचना उलगडल्याबद्दल जेराल्ड एडेलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. प्रतिपिंड अख्खे प्रथिन ओळखत नाही. ते प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा एक लहानसा तुकडा ओळखते. कधीकधी सलग पाच-सात अमिनो आम्ले एवढाच तो तुकडा असतो. आयोडीन जसे बटाटा न ओळखता स्टार्च ओळखते, तसेच हे.

प्राण्याच्या शरीरात एखादा परका पदार्थ टोचला, की त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांविरुद्ध वेगवेगळी प्रतिपिंडे तयार होतात. सर्पदंशावरचे प्रतिविष हे याचे आपल्या ओळखीचे उदाहरण. हाफकिनमध्ये ते अनेक दशके घोड्यांच्या रक्तापासून बनवले जात आले आहे. त्यात असंख्य प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण असते. उपचारासाठी असे मिश्रण उपयोगीच पडते. पण मोजमापासाठी ते अडचणीचे ठरते. प्रत्येक घोड्याचे मिश्रण वेगळे असते आणि तो घोडा गेला की तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही.

एकाच पेशीचा वंश

प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचे एक वैशिष्ट्य असते. एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते. तेव्हा अशी एकच पेशी वेगळी काढून वाढवली, तर तिच्या सगळ्या वंशातून एकच प्रतिपिंड मिळेल. विचार सोपा होता, पण या पेशी काचेच्या बशीत थोडेच दिवस जगतात.

ही कोंडी १९७५ साली केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत फुटली. मूळचे अर्जेंटिनाचे सेसार मिलस्टाइन आणि मूळचे जर्मनीचे तरुण संशोधक गेओर्ग क्यॉलर यांनी उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या. मग त्याच्या प्लीहेतल्या पेशी घेऊन त्यांचा एका कर्कपेशीशी संकर केला. प्लीहेतली पेशी प्रतिपिंड बनवते, पण लवकर मरते. कर्कपेशी मात्र अखंड वाढत राहते. दोघींच्या संकरातून जी पेशी झाली, तिच्यात दोन्ही गुण आले. तिला हायब्रिडोमा म्हणतात.

संकर झालेल्या पेशी न झालेल्यांतून निवडायच्या कशा? त्याचीही तजवीज होती. वापरलेल्या कर्कपेशींत एका विकराचा अभाव असतो. पेशींना एका विशिष्ट औषधाच्या द्रावणात ठेवले, की हा विकर नसलेल्या पेशींना डीएनए बनवता येत नाही आणि त्या मरतात. प्लीहेच्या एकट्या राहिलेल्या पेशी तशाही काही दिवसांत मरणारच असतात. उरतात फक्त संकरित पेशी, कारण त्यांना विकर प्लीहेच्या पेशीकडून आणि अखंड वाढ कर्कपेशीकडून मिळालेली असते. मग त्यांतली एकेक पेशी वेगळ्या खळग्यात वाढवायची आणि कोणती हवे ते प्रतिपिंड बनवते ते तपासायचे. एका पेशीच्या वंशाला क्लोन म्हणतात. म्हणून या प्रतिपिंडांना मोनोक्लोनल, म्हणजे एकवंशी, प्रतिपिंडे म्हणतात. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही आणि तंत्र झपाट्याने पसरले. १९८४ साली क्यॉलर आणि मिलस्टाइन यांना नील्स येर्ने यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

शेपटीची युक्ती

तरीही एक अडचण उरली. प्रथिने हजारो आहेत. प्रत्येकासाठी उंदराला टोचायचे, संकर करायचा, शेकडो खळगे तपासायचे म्हटले, तर एकेका प्रथिनासाठी कित्येक महिने जातात. शिवाय काही प्रथिने सर्व सस्तन प्राण्यांत इतकी सारखी असतात, की उंदराचे शरीर त्यांना परके मानतच नाही.

यावरचा तोडगा १९८४ साली प्रसिद्ध झाला आणि तोही केंब्रिजच्या त्याच प्रयोगशाळेतून. शॉन मन्रो आणि ह्यू पेलहॅम फळमाशीच्या एका प्रथिनाचा अभ्यास करत होते. उष्णतेचा ताण पडला की पेशी हे प्रथिन बनवते. त्याच्यासारखी प्रथिने जवळजवळ सर्व सजीवांत आढळतात. त्यामुळे आपण पेशीत घातलेले प्रथिन आणि तिचे स्वतःचे प्रथिन वेगळे ओळखणे कठीण होते. त्यांनी प्रथिनाच्या जनुकाला डीएनएचा एक छोटा तुकडा जोडला. परिणामी पेशीने जे प्रथिन बनवले, त्याच्या टोकाला 'सबस्टन्स पी' नावाच्या एका लहान रेणूतील अमिनो आम्लांची शेपटी आली. या रेणूला ओळखणारे प्रतिपिंड आधीच उपलब्ध होते. मग प्रथिनासाठी नवे प्रतिपिंड करण्याची गरजच उरली नाही. या शेपटीला टॅग म्हणतात.

पुढच्या काही वर्षांत अनेक टॅग प्रचारात आले. 'मिक' टॅग दहा अमिनो आम्लांचा आहे, तो माणसाच्या एका प्रथिनातून घेतलेला आहे. 'एचए' टॅग नऊ अमिनो आम्लांचा आहे, तो इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवरच्या प्रथिनातून आलेला आहे. १९८८ साली अमेरिकेत हॉप आणि सहकाऱ्यांनी 'फ्लॅग' टॅग मुद्दाम आखून बनवला. त्याच्यातल्या आठ अमिनो आम्लांपैकी पाच अ‍ॅस्पार्टिक आम्ले आहेत. त्यांच्यावर विद्युतभार असल्याने ती पाण्याकडे ओढ घेतात. म्हणून हा टॅग प्रथिनाच्या घडीत दडण्याऐवजी बाहेर राहण्याची शक्यता जास्त असते.

इथे थोडे गणित करू. एका अमिनो आम्लासाठी डीएनएवर तीन अक्षरे लागतात. म्हणजे आठ अमिनो आम्लांच्या टॅगसाठी फक्त २४ अक्षरे पुरतात. चारशे अमिनो आम्लांच्या प्रथिनाला तो जोडला, तर लांबी अवघी दोन टक्के वाढते. टॅगचे वजन सुमारे १,००० डाल्टन, तर त्याला पकडणाऱ्या प्रतिपिंडाचे सुमारे १,५०,००० डाल्टन!

प्रतिपिंडाला लेबल

प्रतिपिंडाने टॅग पकडला, तरी आपल्याला तो दिसणार कसा? प्रतिपिंडही रंगहीनच. म्हणून प्रतिपिंडाला लेबल लावतात. टॅग आणि लेबल या शब्दांत घोटाळा होऊ देऊ नये. टॅग प्रथिनाला असतो आणि पेशी तो स्वतः बनवते. लेबल प्रतिपिंडाला असते आणि ते आपण बाहेरून रासायनिक बंधाने जोडतो.

१९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांना प्रतिदीप्त रंग जोडून पहिल्यांदा अशी लेबले लावली. अतिनील प्रकाशात ती चमकत. नंतर किरणोत्सारी आयोडीन आले. १९६०च्या दशकात विकरांची लेबले आली. आज सर्वांत प्रचलित असलेला विकर मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश या झाडाच्या तिखट मुळापासून मिळतो. त्याचे नाव पेरॉक्सिडेज. विकर हा उत्प्रेरक असल्याने तो स्वतः संपत नाही. एकच रेणू पुन्हापुन्हा तीच अभिक्रिया घडवतो. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ल्युमिनॉल दिले, की ल्युमिनॉलच्या ऑक्सिडीकरणातून मंद निळा प्रकाश बाहेर पडतो. एका प्रतिपिंडापासून असा प्रकाश सतत निघत राहिल्याने अगदी थोडे प्रथिनही कॅमेऱ्याला टिपता येते.

लेबल जास्त झाले तरी बिघडते. लेबलाचे रेणू प्रतिपिंडाच्या खाचेजवळच चिकटले, तर ते टॅग पकडूच शकत नाही. म्हणून लेबलाचे प्रमाण बेताचे ठेवावे लागते.

प्रयोग प्रत्यक्षात

आता सर्व पायऱ्या क्रमाने पाहू. या पद्धतीला 'वेस्टर्न ब्लॉट' म्हणतात. नावाचा दिशेशी संबंध नाही. डीएनएसाठीची अशीच पद्धत एडविन सदर्न यांनी १९७५ साली प्रसिद्ध केली होती. त्यांच्या आडनावावर कोटी करून १९८१ साली प्रथिनांच्या पद्धतीला हे नाव दिले गेले.

पहिली पायरी म्हणजे पेशी फोडून त्यांचा रस अपमार्जकाबरोबर उकळणे. त्यामुळे प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि सर्वांवर ऋण विद्युतभार येतो. दुसऱ्या पायरीत हा रस जेलच्या पातळ थरात घालून विद्युतप्रवाह सोडतात. लहान प्रथिने जेलच्या जाळीतून भराभर पुढे सरकतात, मोठी मागे राहतात. तिसऱ्या पायरीत ही प्रथिने विजेच्याच साहाय्याने नायट्रोसेल्युलोजच्या पातळ पटलावर उतरवून घेतात. ओल्या शाईचा ठसा टीपकागदावर उमटावा, तसा प्रथिनांचा ठसा पटलावर उमटतो.

चौथी पायरी मोठी गमतीची आहे. हे पटल कोणतेही प्रथिन चिकटवून घेते. प्रतिपिंडही प्रथिनच असल्याने तेही रिकाम्या जागी कुठेही चिकटेल आणि सगळे पटल उजळून जाईल. ते टाळण्यासाठी पटल आधी साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या द्रावणात बुडवून ठेवतात. दुधातले केसीन रिकाम्या जागा भरून टाकते. पाचव्या पायरीत लेबल लावलेले प्रतिपिंड घालतात. सहाव्या पायरीत पटल पुन्हापुन्हा धुऊन न चिकटलेले प्रतिपिंड काढून टाकतात. शेवटी ल्युमिनॉल घालून अंधारात छायाचित्र घेतात. सगळे नीट झाले असेल, तर काळोख्या पटलावर एकच रेघ उजळलेली दिसते.

लेबल थेट टॅग ओळखणाऱ्या प्रतिपिंडालाच लावता येते. दुसराही मार्ग आहे. उंदराचे साधे प्रतिपिंड आधी घालायचे आणि मग उंदराची प्रतिपिंडे ओळखणारे, समजा शेळीचे, लेबल लावलेले प्रतिपिंड घालायचे. एका पहिल्यावर अनेक दुसरी बसत असल्याने प्रकाश वाढतो. पण कधीकधी हा मार्ग गोंधळात पाडतो. समजा, आपण उंदराच्याच प्रतिपिंडाने आपले प्रथिन रसातून ओढून वेगळे काढले आणि मग ते जेलवर चालवले. त्याबरोबर ते प्रतिपिंडही जेलवर येते आणि त्याच्या साखळ्या सुट्या होऊन सुमारे ५०,००० आणि २५,००० डाल्टनच्या जागी बसतात. दुसरे प्रतिपिंड त्यांनाही उजळवते. आपले प्रथिन नेमके ५०,००० डाल्टनचे असले, तर ती रेघ कोणाची? पहिल्याच प्रतिपिंडाला लेबल असेल, तर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्याला फक्त टॅग कळतो.

रेघ काय सांगते?

एका प्रतिपिंडाने अनेक प्रथिने शोधता येणे ही मोठीच सोय आहे. २००३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी यीस्टच्या जवळजवळ प्रत्येक जनुकाला तोच एक टॅग जोडला आणि पेशीत कोणते प्रथिन किती आहे ते मोजले. काही प्रथिनांचे एका पेशीत पन्नासहून कमी रेणू होते, तर काहींचे दहा लाखांहून जास्त. प्रत्येक प्रथिनासाठी स्वतंत्र प्रतिपिंड करायचे असते, तर हे काम हाती घेणेही कठीण होते.

पण या सोयीची किंमत असते. आपल्याला दिसते ती शेपटी. प्रथिनाबद्दलचा निष्कर्ष आपण काढलेला असतो. रेघ दिसली नाही म्हणजे प्रथिन नाही, असे म्हणता येत नाही. पेशीतल्या विकरांनी शेपटी तोडली असेल किंवा घडी न उलगडणाऱ्या प्रयोगात ती घडीत दडली असेल. रेघ दिसली म्हणजे आपलेच प्रथिन, असेही नाही. 'मिक' टॅगचे प्रतिपिंड माणसाच्या पेशीतले मूळ 'मिक' प्रथिनही ओळखते, कारण टॅग तिथूनच घेतलेला आहे. शिवाय शेपटीने प्रथिनाचे वागणेही बदलू शकते. याचे उत्तम उदाहरण मन्रो आणि पेलहॅम यांच्याच १९८७ सालच्या कामात सापडते. पेशीतल्या अंतर्द्रव्यजालिकेत राहणाऱ्या काही प्रथिनांच्या अगदी शेवटी चार ठरावीक अमिनो आम्ले असतात. ती जणू त्या प्रथिनाचा पत्ता असतात. हा पत्ता काढून टाकला, तर प्रथिन पेशीबाहेर टाकले जाते. आणि पत्ता तसाच ठेवून त्याच्यापुढे आणखी काही अमिनो आम्ले जोडली, तरीही तेच होते! अशा प्रथिनाच्या शेवटी टॅग लावणाऱ्याला ते भलत्याच जागी दिसेल आणि ती चूक त्याच्या टॅगची असेल.

म्हणून चांगल्या प्रयोगात शेजारी-शेजारी काही नमुने ठेवावेच लागतात. टॅग नसलेल्या पेशींचा रस ठेवायचा, तिथे रेघ येता कामा नये. टॅग असल्याची खात्री असलेले प्रथिन ठेवायचे, तिथे रेघ आलीच पाहिजे. ती आली नाही, तर दोष द्रावणांत आहे. उदाहरणार्थ, द्रावणे टिकवण्यासाठी वापरले जाणारे सोडियम अझाइड पेरॉक्सिडेजला निकामी करते. रेघ अपेक्षित वजनाच्या जागी आहे का, तेही पाहायचे. टॅग कधी पुढच्या, कधी मागच्या टोकाला लावून उत्तर तेच येते का, ते तपासायचे.

प्रतिपिंडाचीही परीक्षा घ्यावी लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८५ हायब्रिडोमा तपासले, तेव्हा त्यांतल्या ५९ मध्ये प्रतिपिंडाच्या एकाहून अधिक प्रकारच्या साखळ्या सापडल्या. म्हणजे नाव 'एकवंशी' असले, तरी प्रत्येक बाटलीत एकच प्रतिपिंड असेल याची हमी नाही. त्याआधी, २०१५ साली, 'नेचर' या नियतकालिकात शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी मागणी केली होती, की प्रतिपिंडे त्यांच्या जनुकांच्या क्रमावरून निश्चित केली जावीत आणि त्याच क्रमावरून बनवली जावीत. चुकीच्या प्रतिपिंडांवर आधारलेले प्रयोग दुसऱ्यांना पुन्हा करता येत नाहीत आणि त्यात श्रम व पैसा वाया जातो, हे त्यामागचे कारण होते.

वर्गासाठी

वेस्टर्न ब्लॉट शाळेत करता येणार नाही, पण त्यामागचा विचार नक्कीच शिकवता येईल. औषधांच्या दुकानात मिळणारी गर्भधारणेची चाचणी किंवा कोविडच्या काळात घरोघरी पोचलेली चाचणी यांत लेबल लावलेली प्रतिपिंडेच असतात. लेबल बहुधा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे असते, म्हणून रेघ लालसर दिसते. पट्टीवर 'टी' आणि 'सी' अशा दोन जागा असतात. 'टी'जवळची रेघ शोधलेला पदार्थ असेल तरच येते. 'सी'जवळची रेघ मात्र प्रत्येक वेळी यायला हवी. ती आली नाही, तर चाचणीच रद्द समजायची. पट्टीचे कोरे चित्र फळ्यावर काढून विद्यार्थ्यांना विचारावे : फक्त 'सी' आली, दोन्ही आल्या, फक्त 'टी' आली, एकही आली नाही, या चार वेळी तुम्ही काय म्हणाल?

आयोडीनचा प्रयोगही थोडा बदलून करावा. तीन परीक्षानळ्या घ्याव्यात. एकीत पेज, दुसरीत साधे पाणी, तिसरीत काय आहे ते मुलांना न सांगता ठेवलेला नमुना. थेंब टाकण्याआधी प्रत्येक नळीत काय दिसायला हवे, ते मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. तिसऱ्या नळीत निळा रंग आला, तर "यात बटाटा आहे" असे लिहिणाऱ्यांना आणि "यात स्टार्च आहे" असे लिहिणाऱ्यांना एकमेकांशी वाद घालू द्यावा. आपण मध्ये पडू नये. प्रयोगाने किती सांगितले आणि आपण त्यात किती भर घातली, हे वेगळे करायला मुले त्या वादातून शिकतील. पुढे त्यांच्यापैकी कोणी प्रथिनांवर काम केले, तर ही सवय त्याला रोज उपयोगी पडेल, आणि नाही केले तरी वाया जाणार नाही.